अर्ध्या दिवसाची शाळा

आमच्या इमारतीच्या जिन्यावर सध्या कडुनिंबाचा फुलोरा पडतो. झाड शेजारच्या आवारातलं, फुलं मात्र आमच्याकडे. सकाळी झाडून घेतलं तरी दहा वाजेपर्यंत पायऱ्या पुन्हा पांढुरक्या होतात, आणि त्यांच्यावरून चपलांनी चालताना जो कडसर-गोडसर वास उठतो तो आला की मी आपोआप मनगटावरचं घड्याळ बघतो. हैदराबादेत मार्चच्या मध्याला ऊन तापायला लागलं की शाळा अर्ध्या दिवसाच्या होतात. सकाळी भरतात त्या साडेबाराला सुटतात. तेलुगूत याला ‘ओंटिपूट बडी’ म्हणतात, म्हणजे एकवेळची शाळा. आमच्या घरात सगळे ‘हाफ डे’च म्हणतात. कालपासून यंदाचा हाफ डे सुरू झाला. माझी नात जुई आता दहा वर्षांची आहे, पाचवीत आहे, आणि तिनं मला परवापासून चार वेळा आठवण करून दिली. एवढ्यांदा कशाला सांगतेस, असं मी तिला विचारलं नाही. विचारायला मला तोंडच नाही.

हा ऋतू मला पहिल्यापासून गोंधळात टाकतो. परीक्षेचा म्हणावा तर मुलांच्या चेहऱ्यावर सुट्टीची चमक, सुट्टीचा म्हणावा तर पाठीवर दप्तर. पहाटे अंगावर चादर ओढून घ्यावीशी वाटते आणि अकरा वाजता गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. एकच्या सुमाराला विद्यानगरच्या रस्त्यावरून ऑटो भरभरून मुलं घरी जातात, घामेजलेली, एकमेकांच्या मांडीवर बसलेली. कोपऱ्यावर ताडगोळ्यांची गाडी लागते, कैऱ्यांचे ढीग दिसायला लागतात, आणि घरोघरी मोठी माणसं हातात घड्याळ घेऊन बसल्यासारखी अस्वस्थ असतात, कारण दिवसाचा एक मोठा तुकडा अचानक मोकळा झालेला असतो आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. मुलांनी झोपावं, की अभ्यास करावा, की खेळावं? मी हा प्रश्न चार उन्हाळे सोडवतोय. अजून सुटला नाही.

जुई आली तेव्हा सात वर्षांची होती, आणि दोन महिन्यांसाठी आली होती. माझी मुलगी क्षमा सॉफ्टवेअरमध्ये आहे. नवऱ्यापासून ती वेगळी झाली आणि त्याच सुमारास कंपनीनं तिला टोरंटोला पाठवलं. घर मिळालं, बस्तान बसलं की पोरीला नेते, म्हणाली. पुढं व्हिसाचं काहीतरी झालं, मग कामाच्या वेळांचं काहीतरी झालं, मग तिथं मूल सांभाळायला माणूस मिळेना. मला त्यातलं निम्मं समजलं आणि उरलेलं निम्मं मी समजल्यासारखं दाखवलं. लोक विचारायचे, आईला करमतं तरी कसं? मी आधी क्षमाची बाजू घ्यायचो, मग घरी येऊन मनातल्या मनात तिच्यावर रागवायचो, मग फोनवर तिचा ओढलेला चेहरा दिसला की स्वतःवर. दोन महिन्यांचे आठ महिने झाले आणि मार्च उजाडला. मी ज्याबद्दल लिहितो आहे तो हा मार्च.

मी भूमापन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. तेलंगणातली गावंच्या गावं मी साखळीनं मोजली, कुणाचा बांध कुठं हे सांगण्यात जन्म गेला. महिन्यातले वीस-वीस दिवस कॅम्पवर असायचो, शनिवारी घरी यायचो, सोमवारी पुन्हा बस. क्षमाची शाळा किती वाजता सुटायची हे मला आजही सांगता येणार नाही. तिचं जेवण, आजारपण, वेण्या, पाढे सगळं माझ्या बायकोनं, सुधानं, एकटीनं केलं. आता सुधाचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. त्यामुळे मूल वाढवायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं, ते मी सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा शिकायला बसलो. शिकवणी घेणारी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून ओरडायची आणि विद्यार्थी बाहेरच्या खोलीत जुईच्या मोज्यांची जोडी शोधत फिरायचा.

शाळेत पालकांची बैठक असली की तिथल्या बुटक्या खुर्चीत बसायचं. बसणं जमायचं, उठताना पंचाईत. आजूबाजूच्या तरुण आया मला ‘अंकल’ म्हणायच्या आणि वर्कशीट, प्रोजेक्ट, सबमिशन असं काय काय बोलायच्या. मी मान डोलवायचो. घरी येऊन वजाबाकीत हातचा कसा घ्यायचा ते जुईला शिकवायचो, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत बाईंचा लाल शेरा यायचा, की ही पद्धत नको. उत्तर बरोबर, पद्धत चूक. मला वाटतं त्या आठ महिन्यांत माझं जवळजवळ सगळंच असं होत होतं.

सगळ्यात मोठा गोंधळ तर वेगळाच होता. आजोबा म्हणून मला तिचे लाड करायचे होते. तो माझा हक्क होता, त्यासाठीच माणूस म्हातारा होतो. पण शिस्त लावायलाही घरात दुसरं कुणी नव्हतं. सकाळी मी तिला दूध प्यायला लावणारा बाप असायचो आणि संध्याकाळी चोरून चॉकलेट देणारा आजोबा. एकदा तिनं दात न घासता झोपायची तयारी केली, तेव्हा मी ओरडलो आणि लगेच विरघळून गोष्ट सांगायला बसलो. सुधा वैतागली.

“अहो, लाड करायलाव का वळण लावायलाव, एकदा ठरवा तरी,” ती म्हणाली. सुधाचं माहेर नांदेडचं, चिडली की तिच्या तोंडी तिकडची बोली येते. “लेकराला कळंना झालंय, तुम्ही कोण ते.”

मलाही कळेना झालं होतं. पण जुईला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. ती इतकी शहाण्यासारखी वागायची की येणारेजाणारे कौतुक करून दमायचे. हट्ट नाही, रडणं नाही, ताटात टाकणं नाही. दोडक्याची भाजी असो, मुगाची खिचडी असो, निमूटपणे संपवायची. पाणी हवं असलं तरी, “आजी, मी फ्रिज उघडू?” म्हणून विचारायची. सुधाला याचा अभिमान वाटायचा, क्षमाचं वळण आहे म्हणायची. मला मात्र त्यात काहीतरी खटकायचं. काय खटकतंय ते सांगता यायचं नाही, म्हणून मी बोलायचो नाही.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे तीन वाजून वीस मिनिटांनी बर्कतपुऱ्यातल्या तिच्या शाळेच्या फाटकापाशी पोचलो. शाळा साडेतीनला सुटायची. घरापासून पंधरा मिनिटांची चाल. छत्री घेऊन निघायचो आणि दहा मिनिटं आधी पोचायचो. या वक्तशीरपणाचा मला बराच अभिमान होता, तरुण आया धापा टाकत यायच्या तेव्हा मी त्यांच्याकडे जरा वरूनच बघायचो. त्या दिवशी फाटकाबाहेर एकही ऑटो नव्हता, एकही आई नव्हती. बर्फगोळ्याची गाडी नव्हती. मला वाटलं, आज रविवार तर नाही? पण सकाळी मीच तर तिला सोडून गेलो होतो. मी फाटकाच्या सळ्यांमधून आत डोकावलो.

व्हरांड्यातल्या बाकावर जुई बसली होती आणि तिच्याशेजारी यादम्मा. यादम्मा म्हणजे शाळेतली आया. इथं त्यांना आयम्मा म्हणतात. बाकी सगळ्या वर्गांना कुलपं होती.

“क्या साब,” यादम्मा उठून उभी राहिली. “आज से हाफ डे है ना! साडेबारा बजे से बैठी है बच्ची. मम्मी को फोन करे, लगताच नई. इसके वास्ते मैं घर नई गई. मेरे डब्बे का पुलिहोरा दी, दो निवाले खाई बस.”

  शाळेत नंबर क्षमाचा दिलेला होता, आणि क्षमाच्या देशात त्या वेळी सगळे झोपलेले. जुई बाकावरून उतरली, “थँक यू आयम्मा,” म्हणाली, आणि माझा हात धरला. “चला आबा.” तिचा तळवा ओला होता. ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाठीवरून हात फिरवता आला असता, निदान माफी मागता आली असती. वाटेत मी ताडगोळे घेतले, तेही अर्धा डझन. ही लाच आहे हे मला कळत होतं. तिनं एक खाल्ला आणि म्हणाली, “बाकीचे आजीला.” नल्लकुंट्याचा चौक ओलांडताना तिनं वर बघून विचारलं, “आबा, तुमचं बीपी वाढलं का?”

घरी आल्या आल्या मी सुधाला सांगितलं, “शाळेनं कळवलंच नाही.” तेव्हा मला ते खरोखरच तसं वाटत होतं. सुधानं शाळेचा उद्धार केला, जुईला भात कालवून दिला, तिच्या डोक्याला तेल लावलं. मीही चार शब्द बोलून घेतले. आजकालच्या शाळा, म्हणालो. जबाबदारी म्हणून नाही, म्हणालो. जुई भात खात होती.

संध्याकाळी मी तिची डायरी उघडली. शाळेची एक डायरी असायची. बाई रोजचा निरोप मुलांकडून त्यात लिहून घ्यायच्या आणि खाली पालकानं सही करायची. माझी उभी नोकरी कारकून बोट ठेवेल तिथं सही करण्यात गेली. ढिगानं कागद यायचे. वाचत बसलो असतो तर अजून तिथंच बसलेलो असतो. जुईही तशीच होती. संध्याकाळी डायरी उघडून समोर धरायची, रेघेवर इवलंसं बोट ठेवायची, मी टीव्हीवरची नजर न काढता सही करायचो. आदल्या दिवसाच्या पानावर, तिच्या गोल गोल अक्षरांत, इंग्रजीतून लिहिलेलं होतं की उद्यापासून शाळा साडेबाराला सुटेल. खाली माझी सही. झोकदार, रेघ मारलेली, रेघेखाली दोन टिंबं. मी डायरी मिटून दप्तरात ठेवली आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आता त्या डायऱ्या गेल्या, शाळेचं ॲप आलं, निरोप माझ्याच फोनवर येतात, आणि मी ते मोठ्यानं दोनदा वाचतो. सुधा म्हणते, बातम्या लावल्यासारखं वाटतं.

मी त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमाचा व्हिडिओ कॉल आला आणि मी तोंड उघडायच्या आत तीच रडायला लागली. “बाबा, चूक माझी आहे. ग्रुपवर मेसेज आला होता. मी बघितला, तुम्हाला पाठवते म्हटलं, आणि मीटिंगमध्ये विसरून गेले. ती तीन तास एकटी बसली माझ्यामुळे.” मी म्हणालो, “होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नकोस.” बघा, काय मोठेपणा! माझी चूक लेकीच्या गळ्यात घालून वर मी तिचं सांत्वन केलं.

आठवड्यानं क्षमानं विषय काढला. चेवेळ्ळाच्या रस्त्यावर एक निवासी शाळा आहे, चांगली आहे, तिच्या मैत्रिणीची मुलगी तिथंच असते. जूनपासून घालू या. परीक्षा संपेपर्यंत कळवा म्हणालेत. मग तिनं विचारलं, “बाबा, खरं सांगा. तुम्हाला झेपतंय का?”

“झेपतंय म्हणून सांगा की!” सुधा आतून ओरडली. गुडघे शेकत बसली होती.

मी म्हणालो, “बघतो.” सरकारी नोकरीत हा शब्द फार उपयोगी पडतो. फाइल परतही जात नाही आणि पुढंही जात नाही.

पण मी नुसता टाळत नव्हतो, मला उत्तरच माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, हॉस्टेल हा शब्द ऐकला तेव्हा मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी पाठ थोडी सैलही झाली. दोन्ही एकदम. सकाळी साडेपाचला उठायचं नाही, तेलुगूची कविता पाठ करून घ्यायची नाही, तिला ताप आला की हातात थर्मामीटर घेऊन घाबरायचं नाही. आणि मग लगेच दिसायचं की ती बाहेरच्या खोलीत पालथी पडून चित्र काढतेय, पाय हवेत हलवतेय, आणि वाटायचं की हे पाय इथं हलले नाहीत तर मी दिवसभर करू काय? मी हिशेब मांडायचो. ती दहावीला जाईल तेव्हा मी पंचाहत्तरचा. ती अठरा वर्षांची होईल तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा, असलो तर. मधेच एखाद्या हाफ डेला मी पोचलोच नाही तर? त्या दिवशी तीन वाजून वीस मिनिटांनी तरी पोचलो होतो.

कुणाला न सांगता मी ती निवासी शाळा बघून आलो. सुधाला सांगितलं, सिकंदराबादला पेन्शनच्या कामाला जातो. बस त्या रस्त्याला लागली आणि मला गंमत वाटली, कारण त्या शिवारात मी पूर्वी मोजणी केली होती. तेव्हा तिथं जोंधळा होता आणि दगडांचे ढीग. आता फाटक, हिरवळ, बास्केटबॉलचं मैदान. मला मनातून हवं होतं की ती जागा वाईट निघावी. अंधार असावा, जेवणाला वास यावा, वॉर्डन खाष्ट असावी, म्हणजे प्रश्न मिटला. तसं काही नव्हतं. खोल्या हवेशीर होत्या, सांबाराचा वास छान येत होता, मुली एकमेकींच्या वेण्या घालत खिदळत होत्या. वॉर्डनबाई हसून म्हणाल्या, “पहिले पंधरा दिवस रडतात, मग घरी जायला नको म्हणतात.” मला त्या बाईंचा राग आला आणि तो का आला याचं कारण सापडेना. परतीच्या बसमध्ये मी त्यांनी दिलेल्या प्रवेशाच्या फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली होती. घरी जाताना जास्तच गोंधळलेला होतो.

त्याच दिवसांत पाडवा आला. आमचा पाडवा आणि तेलुगू लोकांची उगादी एकाच दिवशी. समोरच्या घरातून उगादीचं पच्चडी आलं, चिंचगुळाच्या पाण्यात कैरी आणि कडुनिंबाची फुलं, आणि आमच्याकडे सुधानं कडुनिंबाचा पाला ओवा-गूळ घालून वाटलेला. म्हणजे जुईच्या वाट्याला दोन घरांचा कडूपणा. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. क्षमा या वयाची असताना तो घास घेऊन न्हाणीघराकडे पळायची, एवढं एक मला आठवतं, कारण पाडव्याला मी घरी असायचो. जुईनं दोन्ही खाल्लं, तोंड वाकडं न करता, आणि म्हणाली, “छान आहे आजी.” सुधानं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.  सात वर्षांच्या पोरीला हे छान कसं लागेल?

परीक्षेच्या आधी शाळेत बाईंना भेटायचा दिवस होता. या वेळी ऑटोनं का होईना, मी येणार, असं सुधानं जाहीर केलं. गुडघ्याला पट्टा बांधत म्हणाली, “जुई, ती डायरी दाखव गं मला. बाईंना विचारणारच आहे मी. हाफ डेचं लिहून द्यायला काय झालं होतं यांना?”

मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर डोळ्यांसमोर धरला होता.

“त्या दिवशी काही लिहून नाही दिलं, आजी,” जुई म्हणाली. चित्र रंगवता रंगवता, अगदी सहज. आणि मग मान वर करून तिनं माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा.

सुधा दोन पायऱ्या उतरली आणि गुडघा धरून परत फिरली, बाईंना मी एकटाच भेटून आलो. दुपारी जुई झोपल्यावर मी डायरी काढली. त्या पानावर एक भलंमोठं जांभळं फुलपाखरू चिकटवलेलं होतं, कडेनं वरून आणखी डिंक लावलेला. तिच्याकडचं सगळ्यात मोठं स्टिकर होतं ते, वाढदिवसाला क्षमानं पाठवलेल्या पाकिटातलं. निरोप गेला होता, सही गेली होती. फुलपाखराच्या पंखाखालून माझी दोन टिंबं तेवढी बाहेर राहिली होती.

आधी मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. सुटलो, असं वाटलं. त्यानंतर मी तिच्या अंथरुणाशेजारी खाली बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. एवढंसं लेकरू माझ्या चुकीवर पांघरूण घालत होतं. आबा विसरले हे कळलं तर आबांना बोलणी बसतील म्हणून? की आबा विसरले हे कळलं तर आपल्याला इथून पाठवतील म्हणून? घर दोन खोल्यांचं, फोनवरचं सगळं तिला ऐकू जायचं, हॉस्टेलचंही गेलं असणार. यातलं कुठलं खरं होतं ते मला आजही माहीत नाही. तिला विचारायचं धाडस झालं नाही. पण एवढं दिसलं की मी तिला सांभाळतोय असं मी समजत होतो आणि ती आठ महिने रोज मला सांभाळत होती. मुलीनं खोटं बोलायला शिकावं, तेही माझ्यासाठी, हे काही मला शिकवायचं नव्हतं.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमाचा कॉल आला. सुधा माझ्या मागे खुर्चीवर बसली होती. जुई आतल्या खोलीत होती, दार उघडं होतं. मी म्हणालो, “क्षमा, हाफ डेचा निरोप डायरीत होता. मी न वाचता सही केली होती. चूक तुझी नव्हती.” मागे सुधाची खुर्ची करकरली. 

मला वाटलं क्षमा चिडेल. आता हॉस्टेल नक्की, असंही वाटलं. ती हसायला लागली.

“बाबा, मी सहावीत गणितात नापास झाले होते, माहितेय तुम्हाला?”

“नाही.”

“नाहीच माहीत. प्रगतिपुस्तक घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही कॅम्पवरून आला होतात. सही केलीत आणि म्हणालात, शाब्बास.” ती अजून हसत होती. “आठ दिवस वाट बघितली मी, कधी ओरडताय म्हणून. मग कळलं, तुम्ही वाचलंच नव्हतं.” हसता हसता तिचा आवाज बसला. “ओरडायला हवं होतं तुम्ही.”

मी आठवायचा प्रयत्न केला. शनिवार आठवले, बसची धूळ आठवली, सुधानं तापवलेलं पाणी आठवलं. ते प्रगतिपुस्तक काही आठवेना.

“मग सांगा आता,” क्षमा म्हणाली. “झेपतंय?”

“नाही झेपत,” मी म्हणालो. मागून सुधानं माझा सदरा ओढला, पण आता मी थांबणार नव्हतो. “तुझ्या आईला नाही झेपत आणि मला तर काही समजतच नाही. रोज काहीतरी चुकतं. पुढंही चुकेल. पण तिला इथंच राहू दे. मला ती हवी आहे.”

  क्षमानं नाक पुसलं आणि म्हणाली, “बरं. वर्षभर बघू. आणि शाळेत तुमचा नंबर द्या.”

मी आतल्या खोलीत गेलो. जुई रंगपेटीतले खडू उंचीप्रमाणे लावत होती. मी म्हणालो, “जुई, तू कुठं जायचं नाहीयेस. इथंच राहायचंय.” ती म्हणाली, “ओके आबा.” आणि खडू लावत राहिली. मी जरा हिरमुसलोच. एवढं सगळं करून हेच? मी दारात थोडा वेळ उभा राहिलो आणि मग कैऱ्या आणायला खाली गेलो.

दुपारी जेवायला बसलो. सुधानं भाजी वाढली. जुईनं ताटाकडे बघितलं आणि ताट पुढं ढकललं.

“मला दोडका आवडत नाही.”

“अगं, खातेस की नेहमी,” सुधा म्हणाली.

“आवडतच नाही! कधीच नाही आवडला!” ती उभी राहिली, वाटी कलंडली, आमटी ताटाबाहेर गेली. “आणि वेणी दुखते! तू घट्ट बांधते, रोज दुखते!” तिचा चेहरा लाल झाला होता. आमच्या घरात हा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. मी उठून तिच्याजवळ गेलो तशी ती माझ्याच अंगावर आली आणि दोन्ही मुठींनी माझ्या पोटावर मारायला लागली.

“तुम्ही सही केली होती ना! मग का नाही आलात? सगळे गेले, सगळे! मला शू लागली होती, मी बाथरूमला पण गेले नाही. तुम्ही आलात आणि मी नाही दिसले तर!”

त्यानंतर शब्द संपले आणि नुसतं रडणं आलं, मोठ्यानं, नाक-डोळे वाहत, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं. मी तिचे हात धरायला वाकलो. सुधा ताटावरून उठली नव्हती, तिचे डोळे भरले होते.

“धरू नका तिला,” ती म्हणाली. “मारू द्या.”

मी हात खाली सोडले आणि निमूटपणे मार खाल्ला.